डुलकीमागचा श्वास

पहाटे तीन-साडेतीनला महामार्गावर एखादी बस दुभाजकावर चढते आणि सकाळचा चहा होईपर्यंत पुण्यात निकाल लागलेला असतो. चालकाला डुलकी लागली. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: अशांचे परवाने कायमचे रद्द करा. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले, तेव्हाही वाद लगेच तिथेच येऊन थांबला. टायर फुटला की डुलकी लागली? टायर असेल तर मालकाची चूक, डुलकी असेल तर चालकाची. त्या अपघाताचं खरं कारण ठरवण्याचा अधिकार मला नाही. मला बोलायचं आहे ते या वादाच्या साच्याबद्दल. डुलकी हा शब्द आला की आपण चौकशी संपली असं समजतो. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी. डुलकी का लागली, हे विचारायचं कोणी?

माझं म्हणणं आधीच सांगते. रात्री बस, ट्रक किंवा टँकर चालवणाऱ्या माणसांपैकी काहींना डुलकी लागते ती त्यांचा झोपेतला श्वास पुन्हा पुन्हा अडतो म्हणून. ती माणसं आठ तास आडवी पडतात, पण झोपत नाहीत, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतला श्वासरोध, म्हणतात. हा आजार ओळखता येतो, त्यावर उपचार आहेत. म्हणून व्यावसायिक परवान्याच्या वैद्यकीय तपासणीत झोपेतल्या श्वासाची चौकशी सक्तीची हवी, तिचा खर्च गाडीच्या मालकाने उचलावा, आणि आजार सापडला म्हणून कोणाची नोकरी जाऊ नये. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. त्यातली एक जरी वगळली तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात.

मी पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. श्वसनाचा धडा सुरू करताना मुलांना श्वास रोखायला सांगायचे. कोणी चाळीस सेकंद रोखायचं, कोणी मिनिटभर. मग एकेक जण भसकन श्वास सोडायचा, आणि मी विचारायचे, आत्ता तुमचं न ऐकता श्वास कोणी घेतला? जागेपणी आपण श्वासाचे मालक असल्यासारखे वागतो. बोलतो, गातो, फुंकर घालतो, पोहताना दम धरतो. हे सगळं मेंदूच्या वरच्या भागाकडून चालतं. पण मूळ कारखाना खाली, कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठात आहे. डॉक्टर त्याला ब्रेनस्टेम म्हणतात, पाठ्यपुस्तकं मस्तिष्कस्तंभ. फ्रान्समध्ये १८११-१२ च्या सुमारास लगालवा या वैद्याने सशाचा मेंदू पुढून मागे एकेक चकती कापत नेला. मोठा मेंदू गेला तरी ससा श्वास घेत राहिला. देठाच्या खालच्या टोकाची, म्हणजे लंबमज्जेची एक ठरावीक चकती निघाली आणि श्वास थांबला. त्यानंतर जवळजवळ १८० वर्षांनी, १९९१ मध्ये, जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या लंबमज्जेची पातळ चकती बशीत जिवंत ठेवली, आणि त्या चकतीतला पेशींचा एक लहानसा पुंजका शरीराशिवायही श्वासाची लय देत राहिला.

हा कारखाना बेभान चालत नाही, त्याला सतत बातमी हवी असते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढला की देठातल्याच काही पेशी ते ओळखतात आणि श्वास वाढवतात. आपण श्वास घेतो तो प्राणवायू हवा म्हणून, असं सगळ्यांना वाटतं; पण एरवी लगाम असतो तो कार्बन डायऑक्साइडच्या हातात, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्येच दाखवून दिलं होतं. प्राणवायूची बातमी मुख्यतः मानेतल्या रोहिणीजवळच्या एका दाण्याएवढ्या अवयवाकडून येते. त्या शोधासाठी कॉर्नेय हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. याशिवाय तिसरी एक गोष्ट असते, आणि आपल्या वादाशी तिचाच खरा संबंध आहे. ती म्हणजे नुसतं जागं असणं. जागेपणा हाच श्वासाला एक धक्का असतो. डोळा लागतो त्या क्षणी तो धक्का निघून जातो आणि श्वास जवळजवळ पूर्णपणे रासायनिक बातमीवर सोपवला जातो. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या सेव्हरिंगहाउस आणि मिशेल या डॉक्टरांनी मेंदूचा देठ आणि मानेचा वरचा भाग इथल्या शस्त्रक्रियेनंतरच्या तीन रुग्णांची हकिगत लिहिली. ‘श्वास घ्या’ म्हटलं की ते घेत; झोप लागली की थांबत. जागा माणूस आणि झोपलेला माणूस श्वासाच्या बाबतीत दोन वेगळी माणसं असतात, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

चालकांमध्ये दिसतो तो आजार मात्र इतका दुर्मीळ नाही. त्यात देठाकडून हुकूम निघत असतो, पण हवेची वाट बंद झालेली असते. माणसाचा घसा ही मऊ नळी आहे. नाकाला हाड आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत, मधल्या घशाला काही नाही. छातीखालचा पडदा हवा आत ओढतो तेव्हा ही नळी आतल्या आत चिकटायला बघते. ती उघडी राहते ती जिभेच्या आणि घशाच्या स्नायूंमुळे, आणि त्या स्नायूंनाही हुकूम देठाकडूनच जातो, तोही पडद्याच्या हुकमाच्या किंचित आधी. आधी दार उघडायचं, मग ओढायचं. जागेपणी हे बिनबोभाट चालतं. झोपेत या स्नायूंना मिळणारी ताकद उतरते, स्वप्नांच्या झोपेत तर फारच. ज्याची मान जाड आहे, ज्याचा जबडा मागे आहे, ज्याच्या टॉन्सिल मोठ्या आहेत किंवा ज्याने झोप लागावी म्हणून रात्री दोन पेग घेतले आहेत, त्याचं दार उघडत नाही. छाती जोर लावते, हवा येत नाही. घोरणं एकाएकी थांबतं. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि शेवटी मेंदू या माणसाला काही सेकंदांपुरता जागा करतो, कारण जागेपणी दार उघडतं. मोठा घुसमटलेला आवाज, एक श्वास, आणि पुन्हा झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद अडला तर तो एक धरतात; अडलेले आणि अर्धवट अडलेले श्वास मिळून तासाला ३० किंवा जास्त झाले तर आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांनी एक, आठ तासांत २४०. इतक्या वेळा आपल्याला कोणी हलवून उठवलं तर आपण दुसऱ्या रात्री गाडी चालवू का?

८० किलोमीटरच्या वेगाने बस एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ ९० मीटर.

आता विरोधी बाजू. ती कच्ची नाही. कामगार संघटनेतला कोणीही जुना माणूस म्हणेल की हे सगळं शहरी डॉक्टरांचं खूळ आहे, चालक झोपतो कारण त्याला झोपू दिलं जात नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये आला. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. ती किती गाड्यांवर पाळली जाते, हे पुण्यात संगमवाडीला रात्री उभ्या असलेल्या कोणत्याही बसच्या चालकाला विचारा. लागोपाठच्या फेऱ्या, फेरीवर ठरणारा पगार, डिकीशेजारच्या खोक्यात पाठ टेकणं, हे मी पाहिलेलं आहे. आणि सगळे अपघात झोपेचे नसतातच. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर जे अपघात होतात त्यात उतार, वेग आणि ब्रेक यांचा वाटा आहे, श्वासाचा नव्हे. पण या युक्तिवादाचं शेवटचं टोक बघा. समजा उद्या कायदा अक्षरशः पाळला गेला आणि प्रत्येक चालकाला आठ तासांची विश्रांती, गादी, पंखा सगळं मिळालं. ज्याचा श्वास तासाला ३० वेळा अडतो त्याला त्या आठ तासांत काय मिळेल? आणखी २४० वेळा घुसमटणं. तासांचा लढा त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो वेगळा मोजावाच लागेल. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १ डिसेंबर २०१३ ला एक लोकल गाडी ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर ८२ मैलांनी घुसली आणि चार माणसं मेली. चौकशीत निघालं की चालकाला झोपेतल्या श्वासरोधाचा तीव्र आजार होता आणि तो कोणी कधी ओळखलाच नव्हता. शिवाय काही दिवसांपूर्वीच त्याची पाळी बदलली होती. चौकशी करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. आपल्याकडे यातली एक म्हटली की दुसरी खोटी पडते, असं का समजतात?

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. तपासणी सक्तीची केली की गरीब माणसाची भाकरी जाईल. ज्याला आजार निघेल त्याला मालक काढून टाकेल, म्हणून चालक लपवतील, आणि आहे ती माहितीही हातची जाईल. अमेरिकेतही असाच काहीसा वाद झाला. २०१६ मध्ये पुढे आलेला ट्रक आणि रेल्वेचालकांच्या तपासणीच्या नियमाचा प्रस्ताव तिथल्या सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मागे घेतला. पण युरोपीय संघाने २०१४ मध्ये उलट वाट धरली. मध्यम किंवा तीव्र आजार असलेल्याने उपचार घ्यावेत, आजार आटोक्यात असल्याचं डॉक्टरने लिहून द्यावं, परवाना चालू राहील, आणि अवजड वाहनवाल्यांची तपासणी वर्षाच्या आत पुन्हा व्हावी. ही भाकरी काढून घेणारी तपासणी नव्हे. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीतल्या चालकांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. उपचार सांगूनही न घेणाऱ्या चालकांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात इतरांच्या पाचपट निघाले. उपचार नीट घेणाऱ्यांचे मात्र निरोगी चालकांइतकेच. म्हणजे उपचार घेणारा चालक धोक्याचा नाही. धोक्याचा आहे तो ज्याला आपण विचारतच नाही.

इथे स्वीडनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १५ नोव्हेंबर १८७५ ला लागरलुंडाजवळ दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ जण मेले. उप्सालाचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी प्रश्न केला: चालकाला लाल आणि हिरवा दिवा वेगळा दिसतच नसेल तर? त्यांनी रंगीत लोकरीच्या लड्या घेऊन २६६ रेल्वे कामगारांची तपासणी केली. १३ जण रंगांध निघाले. त्या १३ जणांनी इतकी वर्षं काही लपवलं नव्हतं. आपल्याला दिसतो तसाच रंग सगळ्यांना दिसतो, असं ते समजत होते. पुढे स्वीडनने रेल्वेत ही तपासणी सक्तीची केली आणि इतर देशांनी ती उचलली. लागरलुंडाच्या अपघाताला रंगांधत्वच कारणीभूत होतं का, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे, आणि ती शंका रास्त आहे. पण लड्यांची तपासणी त्यामुळे चुकीची ठरत नाही. एका अपघाताचं कारण सिद्ध होवो न होवो, लाल-हिरवा न ओळखणारा माणूस इंजिनावर नको, हे लोकांना पटलं. आज आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टर जो नमुना १-अ भरतो त्यात लाल आणि हिरवा रंग ओळखतो का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचतो का, ऐकू येतं का, रातांधळेपणा आहे का, हे सगळं आहे. होल्मग्रेनची लोकर तिथपर्यंत आली. रात्री श्वास अडतो का, दिवसा बसल्या बसल्या झोप येते का, हे त्या कागदावर नाही. पहाटेच्या अंधारात रंग ओळखणारे पण मिटलेले डोळे काय कामाचे?

पुण्यात तिसरा एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आदराने ऐकायला हवा. प्राणायाम करा, घोरणं जाईल. पुणे-मुंबई वाटेवर लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच योगाला प्रयोगशाळेत बसवलं. त्या परंपरेला नाव ठेवण्याचा माझा विचार नाही. घशाच्या स्नायूंच्या व्यायामाने मध्यम आजार कमी होतो, असं ब्राझीलमधल्या २००९ च्या अभ्यासात दिसलं. जयपूरला ३० रुग्णांवर शंख फुंकण्याचा छोटा प्रयोग झाला, त्यातही काही रुग्णांची दिवसाची झोप कमी झाली. शंख वाजवणाऱ्याचा घसा मजबूत होत असेल तर मला आनंदच आहे. पण प्राणायाम जागा माणूस करतो. पूरक, कुंभक, रेचक यांची आज्ञा वरच्या मेंदूतून येते, आणि झोप लागताच ती आज्ञा देणारा उरत नाही. सकाळी पाऊण तास श्वासावर ताबा ठेवला म्हणून रात्री तीन वाजता जीभ मागे पडायची राहत नाही. व्यायाम जरूर करा, पण मोजूनही घ्या. तीव्र आजारात आज सर्वात भरवशाचा उपचार म्हणजे नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा देणारं यंत्र. कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये सिडनीत दाखवलं. ते औषध नव्हे, हवेचा टेकू आहे. नळी आतून फुगवून उघडी ठेवते. त्याचीही फुगवून स्तुती करू नये. हृदयविकार टळावा म्हणून हेच यंत्र देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत २०१६ मध्ये तसा फायदा दिसला नाही. मात्र दिवसाची झोप कमी झाली, आणि सुकाणूमागे बसलेल्या माणसाच्या बाबतीत आपल्याला हवं आहे ते तेच.

खर्चाचं काय? झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर तारा लावून होणारी तपासणी महाग आहे आणि लाखो चालकांना ती करता येणार नाही, हे मान्य. ती सगळ्यांना लागतही नाही. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास अडताना कोणी पाहिलं आहे का, रक्तदाब आहे का, वजन, वय, मानेचा घेर, पुरुष की स्त्री: अशी आठ प्रश्नांची यादी २००८ पासून जगभर वापरात आहे. तिला लागते एक शिवणाची टेप आणि पाच मिनिटं. आपल्याकडे बारीक अंगाच्या माणसालाही जबड्याच्या ठेवणीमुळे हा आजार असू शकतो, म्हणून केवळ वजनावर विसंबू नये. जे संशयित निघतील त्यांना घरी नेता येणारं छोटं यंत्र एका रात्रीपुरतं द्यायचं, आणि त्यातूनही उरतील त्यांनाच प्रयोगशाळेत पाठवायचं. मुखवट्याचं यंत्र धाब्यावरच्या खाटेवर कसं चालेल, हा मात्र खरा प्रश्न आहे. ते गाडीच्या बॅटरीवर चालवता येतं, पण केबिनमध्ये झोपायला नीट जागा हवी, आणि ती देण्याचं काम मालकाचं आहे. इथे तासांचा लढा आणि श्वासाचा लढा एकाच ठिकाणी येतात.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहिते आहे, तेही सांगते. माझे वडील रात्रीच्या बसवर चालक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सोलापूर रस्त्यावर भिगवणच्या पुढे एकदा पहाटे त्यांची गाडी रस्ता सोडून शेतात उतरली. कोणी मेलं नाही, दोघा प्रवाशांचे हात मोडले. कंपनीने त्यांना तीन महिने घरी बसवलं आणि कागदावर ‘निष्काळजी’ असा शेरा मारला. अण्णा दारू पीत नसत, पाळीच्या आधी न चुकता झोपत. घरात त्या झोपेचं कौतुक होतं. आई म्हणायची, आडवे झाले की घर हलवतात, कष्टाच्या माणसाची झोप आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टर बदलले, गोळ्या वाढल्या, पण झोपता कसे, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा वर्गात मुलांना हाच धडा शिकवत होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांची तपासणी झाली आणि तासाला ४१ वेळा श्वास अडतो असं निघालं. यंत्र लावून झोपल्यानंतरच्या चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, डोकं इतकं हलकं कधी होतं तेच आठवत नाही. शेरा मात्र कागदावर तसाच राहिला.

म्हणून नमुना १-अ मध्ये प्रश्न घालाल तेव्हा तो एकट्या चालकाला विचारू नका. झोपलेल्या माणसाला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, आणि थांबलेला श्वास तर मुळीच नाही. बायकोला विचारा, जोडीच्या चालकाला विचारा, क्लीनरला विचारा. अण्णांच्या पंचाहत्तरीला त्यांचे जुने सोबती घरी आले होते. जेवणं झाल्यावर कोपऱ्यातलं यंत्र बघून एकाने विचारलं, हे कशाला? मी सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, अहो, ते आम्हाला माहीत होतं ना ताई. विश्रांतीच्या खोलीत यांच्या शेजारी कोणी पथारी टाकत नसे. मधेच श्वास थांबायचा, आम्ही मोजत बसायचो. एकदा मी घाबरून त्यांना हलवलंसुद्धा होतं.